विश्लेषण : काटा रुतला, महिन्यांनी गाठ आली… डहाणू-तलासरीच्या शेतात दुर्मीळ बुरशीचा धोका कुणाला?

झाडांना रोग आणणारी बुरशी कोलकात्यातील एका रुग्णाच्या गळ्यात सापडल्याची नोंद २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आणि जगभर तिची बातमी झाली. असा संसर्ग खरोखरच विरळा. मात्र माती, काटे आणि कुजक्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या आणखी काही बुरशी आहेत. शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या शरीरात त्या शिरतात, हे डॉक्टरांना दीडशेहून अधिक वर्षे ठाऊक आहे. त्यांची सुरुवात न दुखणाऱ्या गाठीने होते आणि दुखत नाही म्हणूनच उपचाराला उशीर होतो. डहाणू आणि तलासरीसारख्या भात, चिकू आणि जंगलावर जगणाऱ्या तालुक्यांनी हे आजार ओळखणे का गरजेचे आहे, ते समजून घेऊ.

कोलकात्यात काय घडले होते?

रुग्ण ६१ वर्षांचे होते आणि वनस्पतींवरील बुरशीचा अभ्यास हाच त्यांचा व्यवसाय होता. तीन महिने आवाज घोगरा झालेला, खोकला, थकवा आणि घास गिळताना त्रास अशा तक्रारी घेऊन ते रुग्णालयात गेले. मधुमेह, एचआयव्ही किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असे काहीच नव्हते. तपासणीत श्वासनलिकेच्या बाजूला पू साठल्याचे दिसले. त्या पुवातील बुरशी नेहमीच्या पद्धतीने ओळखता येईना, म्हणून नमुना चंदीगडच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे जनुकीय तपासणीतून ‘कॉन्ड्रोस्टेरियम पर्प्युरियम’ हे नाव पुढे आले. गुलाबवर्गातील झाडांच्या पानांना चंदेरी झाक आणणारा रोग या बुरशीमुळे होतो. माणसाला तिची बाधा झाल्याची ही पहिलीच नोंद होती. पू काढून टाकला, दोन महिने बुरशीरोधक औषध दिले आणि रुग्ण बरा झाला. पुढची दोन वर्षे आजार उलटला नाही.

कुजणाऱ्या वनस्पतींशी आणि बुरशीशी वारंवार येणारा संबंध हे या संसर्गाचे कारण असावे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. असा संबंध प्रयोगशाळेपेक्षा शेतात अधिक येतो, हे या घटनेतून लक्षात घ्यायला हवे.

एरवी बुरशी माणसाला का बाधत नाही?

बुरशीच्या लाखो प्रजाती निसर्गात आहेत. माणसाला आजार देणाऱ्या त्यातल्या काही शेच. याचे मोठे कारण म्हणजे आपल्या शरीराची ऊब. बहुतेक बुरशींना ३७ अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान मानवत नाही. दुसरी भिंत अखंड त्वचेची आणि तिसरी रोगप्रतिकारशक्तीची.

यातली एखादी भिंत पडली की चित्र पालटते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने ते पाहिले. ‘म्युकरमायकोसिस’ हा त्याआधी क्वचित ऐकू येणारा आजार. अनियंत्रित मधुमेह, करोना आणि स्टिरॉइडचा मारा एकत्र आल्यावर २०२१ च्या जूनअखेरपर्यंत देशात ४०,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी एक होता. बुरशी तीच होती, हवेत आणि मातीत आधीपासून असलेली. बदलली होती ती शरीराची अवस्था.

शेतात मात्र प्रतिकारशक्ती उत्तम असलेला धडधाकट माणूसही सापडतो. तिथे भिंत पडते ती त्वचेची.

काट्यातून बुरशी शरीरात शिरते कशी?

काटा, बांबूची शिलक, भाताचे धसकट किंवा अणकुचीदार खडा पायात घुसतो, तेव्हा त्याला चिकटलेली माती आणि मातीतली बुरशी त्वचेखाली रोवली जाते. जखम वरून चार दिवसांत भरते. आत राहिलेली बुरशी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे सावकाश वाढते. पाय आणि हात शरीराच्या गाभ्यापेक्षा थोडे थंड असतात, हेही तिच्या पथ्यावर पडते.

आफ्रिकेतील सुदानमध्ये संशोधकांनी मातीचे आणि काट्यांचे नमुने तपासले, तेव्हा पायाला गाठी आणणाऱ्या एका बुरशीचे जनुकीय अवशेष दोन्हींत मिळाले. रुग्णाला मात्र तो काटा बहुधा आठवत नाही. रोजच्या कामात असे दहा काटे रुततात, त्यातला कोणता लक्षात ठेवायचा?

डहाणू-तलासरीचा संबंध काय?

या दोन तालुक्यांतले कामाचे वर्ष डोळ्यासमोर आणले तर उत्तर मिळते. उन्हाळ्यात राब भाजण्यासाठी झाडाच्या फांद्या, पाला आणि गवत तोडून डोक्यावरून आणायचे. पावसात गुडघाभर चिखलात आवणी. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी, मग झोडणी. त्यानंतर गवत कापणी, सरपणाच्या मोळ्या किंवा वीटभट्टीवरचे स्थलांतर. घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या बागांमध्येही खाली पडलेला पाला, कुजलेली फळे आणि ओलसर माती यांतच मजुरांचे दिवस जातात. तलासरी तालुक्यात आदिवासी लोकसंख्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. चिखलात चप्पल टिकत नाही, त्यामुळे शेतातले बरेचसे काम अनवाणीच होते.

काट्यातून शिरणाऱ्या बुरशीच्या रुग्णांचे वैद्यकीय ग्रंथांत जे वर्णन येते, ते नेमके अशाच माणसांचे आहे : कमावत्या वयाचा, अनवाणी किंवा पातळ चपलेवर राबणारा, दवाखान्यापासून दूर राहणारा. दमट हवेच्या किनारपट्टीत त्यातला एक आजार विशेष लक्षात ठेवावा लागतो.

क्रोमोब्लास्टोमायकोसिस म्हणजे काय?

नाव जडजंबाल असले तरी ओळख सोपी आहे. बहुधा पायावर, कधी हातावर एखादा लालसर फोड येतो. तो चामखिळीसारखा खरखरीत होतो आणि हळूहळू पसरत फुलकोबीसारखा दिसू लागतो. खाज येते, पण दुखणे फारसे नसते. जवळून पाहिले तर त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. हे ठिपके फार महत्त्वाचे, कारण शरीर बुरशीला तिथूनच बाहेर ढकलत असते.

‘फोन्सेसिया’ गटातील काळसर बुरशी हे याचे सर्वात नेहमीचे कारण. ती कुजके लाकूड, झाडपाला आणि मातीत राहते. भारतातील पहिली नोंद १९५७ मधली, आसाममधील. तेव्हापासून २०१६ पर्यंत देशभरातून प्रसिद्ध झालेल्या १६९ रुग्णांचा आढावा दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी घेतला. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा आणि पूर्व-पश्चिम किनारपट्टी येथून हे रुग्ण प्रामुख्याने आढळले, असे त्यातून दिसते. साठ वर्षांत १६९ हा आकडा छोटा वाटतो. पण नियतकालिकात छापून येणारा रुग्ण हा मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचलेला आणि निदान झालेला रुग्ण असतो. वाटेत थांबलेले त्यात मोजले जात नाहीत.

दुर्लक्ष झाले तर पाय सुजून जड होतो. बऱ्याच वर्षांच्या जुन्या व्रणात क्वचित त्वचेचा कर्करोगही उद्भवतो.

मायसेटोमाचा मुंबई-साताऱ्याशी काय संबंध?

दुसरा आजार पायाला आतून पोखरणारा. मदुराईच्या दवाखान्यात जॉन गिल या डॉक्टरांनी १८४२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ झाले. पण हा आजार बुरशीचा आहे, हे मांडले गेले ते मुंबईत.

हेन्री व्हँडाइक कार्टर हे ते डॉक्टर. वैद्यकीय विद्यार्थी आजही वापरतात त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या १८५८ मधील पहिल्या आवृत्तीतील चित्रे त्यांनीच काढली होती. त्याच वर्षी ते मुंबई इलाख्यात नोकरीला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. सुजलेले, छिद्रे पडलेले पाय घेऊन येणारे शेतकरी त्यांनी पाहिले, कापून काढलेले पाय सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८६० मध्ये हा बुरशीजन्य आजार असल्याचे मांडले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांचेच. पुढे अनेक वर्षे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. १८७४ मध्ये त्यांनी या आजारावर पुस्तक लिहिले आणि नंतर ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या काळी उपाय एकच होता, पाय कापणे.

मायसेटोमाच्या तीन खुणा आहेत : न दुखणारी सूज, त्यावर पू वाहणारी छिद्रे आणि त्या पुवातून पडणारे बारीक दाणे. दाणे काळे असतील तर कारण बहुधा बुरशी. लाल असतील तर जिवाणू. पांढरे-पिवळे असतील तर दोन्हींपैकी काहीही. या भेदावर सगळे उपचार अवलंबून आहेत, कारण जिवाणूंचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बरा होतो, तर बुरशीच्या मायसेटोमाला महिनोन् महिने बुरशीरोधक गोळ्या आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. पाठीवर, खांद्यावर किंवा मानेवरही हा आजार होतो. काटेरी लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्यांमध्ये त्या जागा सापडतात.

मायसेटोमा कोरड्या, कमी पावसाच्या भागात जास्त आढळतो, तर क्रोमोब्लास्टोमायकोसिस दमट भागात. मात्र मजुरांचे स्थलांतर होत असल्याने दोन्ही लक्षात असलेले बरे. जगात मायसेटोमाचे सर्वाधिक रुग्ण नोंदवलेल्या देशांत मेक्सिको आणि सुदानसोबत भारत आहे.

डोळ्यातील बुरशी वेगळी का?

हे दोन्ही आजार सावकाश वाढतात. डोळ्याचे तसे नाही. कापणी-झोडणीच्या दिवसांत भाताचे पाते, कुसळ किंवा तूस डोळ्यात जाऊन बुबुळावर ओरखडा उठतो. त्या ओरखड्यावर ‘फ्युसारियम’ किंवा ‘अ‍ॅस्परजिलस’ या बुरशी रुजल्या तर काही दिवसांत बुबुळावर पांढरट डाग पडतो. डोळा लाल होतो, दुखतो, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. उपचार लांबला तर दृष्टी जाते.

इथली सर्वात घातक चूक म्हणजे औषध दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालणे. लाली उतरते, बरे वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. डोळ्यात झाडपाल्याचा रस घालणेही तितकेच धोक्याचे. बुरशीच्या या जखमेवर ‘नॅटामायसिन’ हे थेंब प्रमुख औषध मानले जाते, पण ते तपासणी करूनच द्यावे लागते.

निदानाला एवढा उशीर का होतो?

पहिले कारण, दुखत नाही. पायावरच्या गाठीला घरात कुरूप किंवा भोवरी म्हटले जाते. मजुरी बुडवून न दुखणारी गाठ दाखवायला कोण जाणार? दुसरे कारण, हे आजार दुसऱ्याच आजारांसारखे दिसतात. क्रोमोब्लास्टोमायकोसिस त्वचेच्या क्षयासारखा किंवा साध्या चामखिळीसारखा, मायसेटोमा हाडाच्या जुन्या जंतुसंसर्गासारखा भासतो. मग प्रतिजैविकांचे कोर्स होतात, गळू समजून चिरा दिला जातो आणि वर्ष निघून जाते.

तिसरे कारण मलमांचे. खाज आली की स्टिरॉइड मिसळलेली मलमे चिठ्ठीविना सहज विकत मिळतात. नायट्यासारखे साधे बुरशी आजार देशभर चिवट झाले, त्यामागेही या मलमांचा मोठा वाटा आहे. खोल रुजलेल्या बुरशीवर ती लावली तर खूण पुसट होते आणि आजार वाढतो.

चौथे कारण अंतराचे. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, कासा आणि डहाणूची सरकारी रुग्णालये इथून पुढे त्वचारोगतज्ज्ञ किंवा बायोप्सी हवी असेल तर सिल्वासा, वापी, वलसाड किंवा मुंबई गाठावी लागते. एक खेप म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. उपचार सहा महिने किंवा वर्षभर चालायचे असतील तर अनेक जण मध्येच सोडतात.

तपासणी खरोखर इतकी अवघड आहे का?

पहिली पायरी मुळीच अवघड नाही. काळे ठिपके असलेल्या जागेवरून खरवडलेला भुगा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. क्रोमोब्लास्टोमायकोसिस असेल तर तांब्याच्या नाण्यांसारख्या तपकिरी, गोल पेशी दिसतात. मायसेटोमाचा दाणा काचपट्टीवर दाबून पाहिला तरी बुरशीचे जाड धागे आहेत की जिवाणूंचे बारीक, याचा अंदाज येतो. हिवताप आणि क्षयाच्या तपासणीसाठी वापरला जाणारा साधा सूक्ष्मदर्शक यासाठी पुरतो. लागते ती शंका घेणारी नजर आणि थोडे प्रशिक्षण.

नेमकी प्रजाती ठरवण्यासाठी बायोप्सी आणि कल्चर करावे लागते. अशा बुरशीचे कल्चर वाढायला काही आठवडे जातात. कोलकात्याच्या रुग्णाप्रमाणे जनुकीय तपासणी मात्र मोजक्या संस्थांतच होते.

उपचार काय आहेत?

क्रोमोब्लास्टोमायकोसिसचा डाग लहान असताना कापून काढता येतो किंवा द्रव नायट्रोजनने गोठवता येतो. मोठ्या व्रणांसाठी ‘इट्राकोनॅझोल’ किंवा ‘टर्बिनाफिन’ या गोळ्या अनेक महिने घ्याव्या लागतात. त्या काळात यकृताच्या तपासण्या करतात. बुरशीच्या मायसेटोमालाही मुख्यतः इट्राकोनॅझोलच दिले जाते. सुदानच्या खार्तुम येथील मायसेटोमा संशोधन केंद्रात ‘फॉसरावुकोनॅझोल’ या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधाची चाचणी झाली आणि २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोजच्या गोळ्यांऐवजी आठवड्याला एकदाच औषध हा दूर राहणाऱ्या रुग्णांसाठी मोठा दिलासा ठरू शकतो. सुदानमधील युद्धाचा मात्र तिथल्या रुग्णांना आणि संशोधनाला जबर फटका बसला आहे.

जग या आजारांकडे कसे पाहते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाचा आणि पुढच्या वर्षी क्रोमोब्लास्टोमायकोसिससह इतर खोल बुरशी संसर्गांचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली प्राधान्य यादी काढली. त्यातील १९ नोंदींत मायसेटोमाच्या बुरशी दुसऱ्या, म्हणजे ‘उच्च’ गटात आहेत. या यादीमागचे कारण सरळ आहे : बुरशीवर परिणाम करणारी औषधे मोजकी आहेत, त्यांना दाद न देणाऱ्या बुरशी वाढत आहेत आणि निदानाच्या सोयी गरीब भागांत कमी आहेत. तापमानवाढीमुळे काही बुरशी अधिक उष्णतेला सरावतील, अशी शक्यताही शास्त्रज्ञ मांडतात.

‘दुर्मीळ’ हा शब्द म्हणूनच जपून वापरायला हवा. कोलकात्याची बुरशी खरोखर दुर्मीळ होती. पायातल्या काट्यातून शिरणाऱ्या बुरशी मात्र कमी वेळा ओळखल्या जातात, म्हणून दुर्मीळ वाटतात.

शेतात काम करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

काटा रुतला तर तो पूर्ण निघाला का ते पाहावे, जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि माती, शेण किंवा राख लावू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारावे. फांद्या तोडताना, मोळी वाहताना आणि धसकटांत चालताना जाड तळाची पादत्राणे घालावीत. चिखलात ते जमत नसेल, तर संध्याकाळी पाय धुऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासण्याची सवय लावावी.

पायावरची गाठ किंवा चामखिळीसारखा डाग महिनाभरात गेला नाही, वाढू लागला, त्यावर काळे ठिपके दिसले किंवा पुवातून दाणे पडले, तर दुखत नसले तरी सरकारी दवाखान्यात दाखवावे. काटा लागला होता आणि शेतात काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शंका घ्यायला ती एक माहिती पुरेशी ठरते. भगताकडे जाऊन आलेल्यांनीही ही तपासणी टाळू नये. डोळ्यात पाते किंवा तूस जाऊन लाली आली तर वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. दुकानातून आपल्या मनाने कोणतेही मलम किंवा थेंब आणू नयेत. सुरू केलेल्या गोळ्या, गाठ बसली तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबवू नयेत.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. क्रोमोब्लास्टोमायकोसिस आणि मायसेटोमा एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाहीत. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करण्याचे काहीच कारण नाही. गावोगाव फिरणाऱ्या आशा सेविका कुष्ठरोग शोधताना त्वचेवरचे डाग पाहतातच. त्या वेळी पायाचे तळवेही पाहिले आणि काळ्या ठिपक्यांची खूण त्यांना माहीत असली, तर यातले बरेच रुग्ण पहिल्या काही महिन्यांतच सापडू शकतील. लहान डाग कापून किंवा गोठवून बरा करण्याची संधी तेवढ्याच काळात असते.